गिरणीच्या पट्ट्याला जाळी बसली, थ्रेशरला कधी बसणार?



आज जरा लांबलचक लिहितोय. सोयाबीनच्या सुड्या लागायच्या आत हे बोलून झालेलं बरं, म्हणून आत्ताच लिहितोय. रात्री निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गोरेगावच्या शिवारात मळणीचे दिवस कसे असतात, हे कुणाला सांगायची गरज नाही. आभाळ भरून आलेलं असतं, शेतकऱ्याला सुडी भिजायची धास्ती. ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या शेतात जायची घाई, कारण त्याचा हिशोब पोत्यावर. मजुरांनी काम उक्तं घेतलेलं, त्यांनाही उरकायचंय. रात्री अकरा वाजता एका बल्बच्या उजेडात मशीन धडधडतंय, दोघं सुडीवरून माल ओढतायत, एकजण तोंडात लोटतोय. ट्रॅक्टर आणि मशीन यांच्या मधला दांडा उघडाच फिरतोय. बाई तिथूनच पाण्याची कळशी घेऊन जाते, पदर वाऱ्यानं उडतो.

पावसाळ्यात पाठीवर औषधाचा पंप. उन्हाळ्यात हळद शिजवायचा बॉयलर आणि पॉलिशचा ड्रम. वर्षाच्या बारा महिन्यांत जिवाला धोका नसलेला हंगाम आपल्याकडं नाही. आणि काही झालं की आपण काय म्हणतो? "लक्ष नव्हतं त्याचं." नाहीतर, "नशिबात होतं."

मला आज या 'लक्ष नव्हतं' बद्दल बोलायचंय. कारण कारखान्यांत एके काळी हीच परिस्थिती होती, आणि तिथं ती बऱ्यापैकी बदलली. कशी बदलली, कुणी बदलली, आणि तो बदल आपल्या शिवारापर्यंत का पोचला नाही, हा इतिहास बघण्यासारखा आहे.

*मुंबईची गिरणी आणि फुले यांचा एक सहकारी*

मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकात उभ्या राहिल्या. पुढची पंचवीस-तीस वर्षं या गिरण्यांत यंत्राला जाळी किंवा कठडा असावा असं सांगणारा कायदाच नव्हता. सात-आठ वर्षांची पोरं कामाला असायची. १८७५ साली सरकारनं मुंबईतल्या गिरण्यांची चौकशी करायला कमिशन नेमलं. आणि त्याच १८७५ साली मालकांनी आपली संघटना काढली, बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन. म्हणजे बघा, नियम करणारे आणि उद्योगवाले एकाच वर्षी आमनेसामने आले.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो अगदीच तोकडा. शंभराच्या वर कामगार असतील तिथंच लागू. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलाकडून नऊ तासच काम घ्यायचं. धोक्याच्या यंत्राला कठडा आणि अपघाताची खबर सरकारला देणं, एवढं मात्र त्यात आलं.

इथं नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव घ्यावंच लागतं. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. ते स्वतः गिरणीत नोकरी करून आलेले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यात आणखी एक मागणी होती, ती फारशी सांगितली जात नाही. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

१८८४ ला केलेली ही मागणी कायद्यात आली १९२३ साली, कामगार नुकसानभरपाई कायदा झाला तेव्हा. एकोणचाळीस वर्षं लागली. लोखंडे १८९७ लाच गेले होते.

रविवारच्या सुट्टीचं मात्र वेगळं झालं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात बायांनीही भाषणं केली. आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेनं स्वतःच रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्याच्या सुट्टीचा कायदा आला १८९१ ला. म्हणजे उद्योगाच्या संघटनेनं कायद्याच्या एक वर्ष आधी पाऊल टाकलं. आपणहून टाकलं का? नाही. कामगार एकत्र झाले होते, सरकारचं नवं कमिशन बसलं होतं, त्या कमिशनसोबत कामगारांच्या बाजूनं खुद्द लोखंडे काम करत होते. दोन्हीकडून रेटा आल्यावर मालक बोलायला बसले.

या गोष्टीतला हा धडा पुढं परत परत येतो, म्हणून लक्षात ठेवा.

*एका सतरंजीवर तिघं*

१९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत त्रिपक्षीय परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांना समान मानून एका सतरंजीवर बसवायचं, ही पद्धत तिथून रुळली. त्यांच्याच काळात, १९४५ साली, कारखान्यांच्या सुरक्षेबाबत सल्ला देणारं केंद्र सरकारचं स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. आज त्याचं मुख्यालय मुंबईत सायनला आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात यंत्राला संरक्षण, तपासणी, निरीक्षकाचे अधिकार हे सगळं नीट मांडलं गेलं.

तरी अपघात थांबेनात. निरीक्षक थोडे आणि कारखाने फार. निरीक्षक येणार त्या दिवशी जाळी बसवायची आणि तो गेला की काढून ठेवायची, कारण जाळीनं काम हळू होतं. ही युक्ती आपल्याला नवी नाही, चौकात पोलीस दिसला की हेल्मेट घालणारे आपणच.

मग १९६५ च्या डिसेंबरात दिल्लीत औद्योगिक सुरक्षेवर मोठी परिषद झाली. नुसत्या तपासणीनं भागत नाही, उद्योगांच्या आणि कामगारांच्या संघटनांनाच या कामात ओढलं पाहिजे, असं ठरलं. त्यातून ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, मुख्यालय मुंबईत. शाळेत किंवा कंपनीत ४ मार्चला 'सुरक्षा दिन' होतो, तो या दिवसाचा. सरकारच्या पुढाकारानं, पण स्वतंत्र संस्था म्हणून. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. प्रशिक्षण, पोस्टर, तपासणी, कमी अपघात असलेल्या कारखान्यांना पुरस्कार, असं तिचं काम.

मग आलं १९८४ चं भोपाळ. त्या रात्री एक गोष्ट उघडी पडली. कारखान्यात नेमकं काय साठवलंय आणि ते बाहेर पडलं तर काय करायचं, हे शेजारच्या वस्तीला माहीत नव्हतं. वायूवर नेमका उपचार काय करायचा, याची माहिती डॉक्टरांकडंही नव्हती. १९८७ ला फॅक्टरी कायदा बदलला. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक झाली, आणि तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. धोका दिसला तर तो सांगायचा हक्क कामगाराला कायद्यानं मिळाला.

आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातला पाताळगंगा-रसायनीचा पट्टा आणि ठाणे-बेलापूरची औद्योगिक रांग इथं आणखी एक चांगली गोष्ट उभी राहिली. एका कारखान्यात आग लागली की शेजारच्या कारखान्याचा बंब, फेस, माणसं धावून येणार, असा आपसांत करार. त्याला परस्पर साहाय्य गट म्हणतात. बाजारात हे कारखाने एकमेकांचे स्पर्धक असतील, पण आगीत सोबती. यात राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयही सोबत असतं. आपल्याकडं कुणाच्या गोठ्याला आग लागली की सगळी आळी घागरी घेऊन पळते, तसंच हे, फक्त आधीच ठरवून, सराव करून.

१९९६ साली केंद्रानं रासायनिक अपघातांसाठी नियम केले. त्यातला स्थानिक संकट गट कसा असावा, ही यादी मला फार आवडते. अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी. सोबत कारखाना निरीक्षक, परिसरातले उद्योग, अग्निशमन अधिकारी, ठाणेदार, आरोग्य अधिकारी, डॉक्टर, सरपंच, समाजसेवक, इतकंच काय, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकसुद्धा. कायदा करणाऱ्यांनी खरंच विचार केला होता की अपघात झाल्यावर गावात कोण कोण लागतं.

*पण नुसतं एकत्र बसून भागत नाही*

हे वाचून कुणाला वाटेल, झालं तर मग, सरकार आणि उद्योग मिळून बसले की सगळं ठीक. तसं नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशी झाली, कारखाने हलवायची चर्चा झाली. २०२४ च्या मे महिन्यात त्याच डोंबिवलीत परत स्फोट, परत माणसं गेली. समित्या कागदावर होत्या, संघटना होत्या, सुरक्षा सप्ताहाचे फलकही लागत होते.

सतरंजी तिघांची असली तरी तपासणाऱ्याच्या हातात काठी लागते. काठी नसली की बैठकीचा चहा होतो, फोटो होतो, आणि जाळी परत काढून ठेवली जाते. १८९० ला मालक नमले ते सभेच्या आणि कमिशनच्या रेट्यामुळं. तो रेटा सुटला की भागीदारी नावालाच उरते.

*आता आपल्याकडं या*

हा सगळा इतिहास कारखान्याचा. १९४८ च्या कायद्यात कारखाना म्हणजे विजेवर चालणारं आणि दहा कामगार असलेलं ठिकाण. २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा वीसवर गेला. आपली डाळमिल, आपलं वेल्डिंगचं दुकान यात बहुतेक बसत नाही. आणि शेत तर कारखाना नाहीच. म्हणजे यंत्र तेच, मोटार तीच, हात तोच, पण शिवारात आला की निरीक्षक नाही.

असं नाही की कुणाला कळलंच नव्हतं. हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणात गव्हाच्या थ्रेशरनं इतक्या माणसांचे हात नेले की १९७९ साली थ्रेशरच्या सुरक्षेचं भारतीय मानक तयार झालं. असं मानक करणाऱ्या समितीत सरकारी अधिकारी, शास्त्रज्ञ आणि यंत्र बनवणारे उद्योग एकत्र बसतात. माल लोटायची पाटी किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली, असं त्यात आहे. कारण साधं आहे. पाटी एवढी लांब आणि झाकलेली असली, तर माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. त्याचं 'लक्ष' असो वा नसो.

मंडळी, या एका ओळीत सगळं आलं. चांगली सुरक्षा माणसाच्या लक्षावर अवलंबून नसते. माणूस थकणार, झोप येणार, घाई होणार, हे धरूनच यंत्र बनवायचं असतं.

१९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांचा कायदाच केला. त्यात धोकादायक यंत्राच्या व्याख्येत पहिलं नाव थ्रेशरचं आहे. यंत्र बनवणाऱ्यानं, विकणाऱ्यानं काय करायचं, मजूर मेला किंवा जखमी झाला तर भरपाई कशी, हे त्यात आहे. पण आपल्या बाजारात यंत्राचा सौदा होताना या कायद्याचं नाव मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. सौद्यात विचारतात काय? "ताशी किती पोते काढतं?"

*यवतमाळ २०१७, आणि वाशिमची हद्द*

शेतीत सरकार, कंपन्या आणि विक्रेते एकत्र आलेच नाहीत असं नाही. आले, पण माणसं मेल्यावर.

२०१७ चा पावसाळा आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, किडीचा जोर, दमट हवा. मजूर पंप पाठीवर घेऊन वर फवारत होते, औषध तोंडावर पडत होतं. दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांवर बंदी आली. किती दिवस? साठ दिवस. कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात राज्य सरकारला एका वेळी तेवढाच अधिकार आहे. आणि कुठं? यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांत.

वाशिम जिल्ह्याची हद्द आपल्यापासून किती लांब आहे, हे मी सांगायला नको. त्या हद्दीपलीकडच्या शेतात जे औषध बंद, ते अलीकडच्या शेतात चालू. औषधाला जिल्हा कळत नाही, फवारणाऱ्याच्या फुफ्फुसालाही कळत नाही. पण आपण हिंगोलीवाले त्या यादीत नव्हतो.

त्यानंतर कृषी विभाग, कंपन्या आणि विक्रेते यांनी मिळून फवारणीची प्रशिक्षणं घेतली, मास्क-हातमोज्यांचे किट वाटले. पुढच्या हंगामात मृत्यू कमी झाले. त्या यादीतलं मोनोक्रोटोफॉस तर २०२३ मध्ये केंद्रानं देशभर बंद करायचं ठरवलं. म्हणजे मिळून काम केलं की फरक पडतो. पण मजुराला आणि त्याच्या घरच्याला त्या बैठकीत खुर्ची नव्हती. त्यामुळं उकाड्यात न घालता येणारे कोट वाटले गेले आणि ते खुंटीवर लटकले. फवारणाऱ्याला आधी विचारलं असतं, तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं.

*पैशाचा एक मुद्दा*

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांच्या आत. चांगली योजना आहे, माहीत नसेल तर माहीत करून घ्या. पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाला. सुडीवर उभा असलेला, ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही, तो मजूर यात येत नाही. म्हणजे यंत्राच्या सगळ्यात जवळ जो उभा, तोच योजनेपासून सगळ्यात लांब.

त्याच्यासाठी १९२३ चा तो भरपाईचा कायदा होता. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामाचा उल्लेख त्याच्या यादीत आहे. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. पण त्या रस्त्यानं गेलं तर भरपाई द्यायची वेळ कामावर लावणाऱ्यावर येते. तो कोण? आपल्यासारखाच पाच एकरवाला. म्हणून प्रकरण गावातच मिटतं, दवाखान्याचा अर्धा खर्च दिला जातो आणि विषय संपतो. मजुरालाही परत त्याच गावात काम मागायचं असतं. दोघंही गरीब, दोघंही अडकलेले. यंत्र बनवणारा आणि विकणारा मात्र या हिशोबात कुठंच नाही.

*मग करायचं काय?*

मी काही मोठी मागणी करत नाही. १९९६ च्या नियमातली ती यादी आपल्या गावाला लावून बघू. मळणीच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीत एक बैठक. कृषी सहायक, कृषी सेवा केंद्रवाले, थ्रेशर आणि ट्रॅक्टरचे मालक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, ठाण्यातलं कुणीतरी, सरपंच. आणि मजूर, त्यातही बाया. त्यांना मागं उभं करायचं नाही, सतरंजीवर पुढं बसवायचं.

ठरवायचं एवढंच. फिरत्या दांड्यावर आवरण नसेल तर ते यंत्र गावच्या शिवारात लावायचं नाही. माल लोटायची पाटी आखूड असेल तर गावातल्याच वेल्डरकडून वाढवून झाकून घ्यायची, खर्च यंत्राच्या मालकाचा, हवं तर पोत्यामागं थोडे पैसे वाढवून द्या. रात्री उजेड दोन बाजूंनी. सोळा वर्षांखालचं पोरगं मशीनजवळ नाही. औषध विकताना दुकानदारानं उताराही सांगायचा. आणि ग्रामपंचायतीत एक वही. अपघात लहान असो की मोठा, तारीख, यंत्र, काय झालं, लिहून ठेवायचं. १८८१ चा तो तोकडा कायदासुद्धा अपघाताची खबर द्या म्हणत होता. आपल्या शिवारात ती आजही कुणी देत नाही. मोजलंच नाही, तर कमी झालं की वाढलं हे कळणार कसं?

आणि काठी? ती ग्रामसभेच्या ठरावाची. ठराव तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, तहसीलदाराकडं, आमदारांकडं लेखी पाठवायचा, पोच घ्यायची. यंत्राला अनुदान देताना तपासणी अहवाल मागतात, तसं सुरक्षेच्या जाळ्या प्रत्यक्ष बसवल्यात का हेही बघा, एवढी मागणी त्यात घालायची.

लोखंड्यांच्या त्या मागणीला एकोणचाळीस वर्षं लागली. आपल्याला एक हंगाम लागू नये.

तुमच्या गावात, भावकीत, ओळखीत थ्रेशरनं किंवा फवारणीनं कुणाचं काही झालं असेल, तर नाव न लिहिता फक्त वर्ष आणि काय झालं तेवढं खाली लिहा. गावची वही सुरू होईपर्यंत हीच आपली वही. आणि ज्याच्या दारात मशीन उभं आहे, त्यानं उद्या सकाळी टेप घेऊन पाटी मोजावी. नव्वद सेंटिमीटर.